खांबाचा खर्च कोणाचा? वीजजोडणीच्या एका आदेशाची कागदोपत्री हकीकत

नवी वीजजोडणी मंजूर झाली की ग्राहकाच्या हाती एक कागद येतो. कोणी त्याला कोटेशन म्हणते, कोणी डिमांड नोट. कागदावर रक्कम असते आणि ती अमुक दिवसांत भरा असे लिहिलेले असते. त्या रकमेच्या मागे एक अंदाजपत्रक असते. त्यात खांब किती, तार किती मीटर, इन्सुलेटर, ताण, अर्थिंग, वाहतूक, मजुरी आणि शेवटी देखरेखीचा आकार अशा नोंदी असतात. बहुतेक ग्राहक रक्कम भरतात आणि वायरमनची वाट पाहतात. या रकमेतला कोणता खर्च ग्राहकाचा आणि कोणता कंपनीचा, हे ठरवण्यासाठी महाराष्ट्रात जो झगडा झाला, त्याची कागदपत्रे मात्र चांगली शाबूत आहेत. कायदे, विनियम, आयोगाचे आदेश, कंपनीची परिपत्रके, सगळी एकापुढे एक ठेवून वाचता येतात. तशी वाचली तर आयोगाचे खरे काम रकमेची बेरीज तपासणे एवढेच नव्हते, हे दिसते. सामायिक जाळे कुठे संपते आणि एका ग्राहकाची स्वतःची वाहिनी कुठे सुरू होते, ती हद्द आखणे हे खरे काम होते.

ही हद्द पहिल्यांदा आखली ती १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाने. त्याच्या परिशिष्टातले सहावे कलम ग्राहकाने मागणी केल्यावर पुरवठा देण्याचे बंधन परवानाधारकावर घालते. त्याच कलमात खर्चाची वाटणीही आहे. परवानाधारकाच्या वितरण वाहिनीपासून शंभर फुटांपलीकडे जेवढी सर्व्हिस लाइन टाकावी लागेल तेवढीचा, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या जागेत टाकाव्या लागणाऱ्या लाइनचा खर्च परवानाधारकाने मागितला तर ग्राहकाने द्यायचा. म्हणजे रस्त्यावरच्या वाहिनीपासून पहिले शंभर फूट कंपनीचे. सोपी, फूटपट्टीने मोजता येणारी हद्द होती ती.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक तंट्यांचे बीज त्या वाक्यात आहे. सर्व्हिस लाइनचा काही भाग ग्राहकाच्या पैशाने झालेला असला तरी तिची देखभाल परवानाधारक करील आणि तिच्यावरून दुसऱ्या कोणालाही वीज देण्याचा हक्क त्याला राहील, असे ते वाक्य सांगते. देखभालीची जबाबदारी कंपनीवर टाकणे योग्यच होते. पण एकाने पैसे भरायचे आणि त्याच तारेवरून शेजाऱ्याला जोडणी द्यायची, याचा हिशेब कसा करायचा, यावर कायदा गप्प होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा वीज (पुरवठा) अधिनियम आला आणि राज्य वीज मंडळांची व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. या अधिनियमाच्या २६ व्या कलमाने मंडळांना जुन्या कायद्यातली परवानाधारकाची बंधने लागू केली खरी, पण त्यात मोठी सूट होती. परिशिष्टातले ते सहावे कलम मंडळाला लागू होणार होते ते फक्त जिथे मंडळाच्या वितरण वाहिन्या आधीच टाकलेल्या आहेत आणि त्यांतून पुरवठा सुरू झाला आहे, तेवढ्याच भागात. शिवाय ४९ व्या कलमाने मंडळाला योग्य वाटतील त्या अटी-शर्तींवर वीज पुरवण्याचा अधिकार दिला. या सुटीमागे कारण होते. खेड्यापाड्यांत जिथे वाहिनीच नव्हती तिथे शंभर फुटांचा नियम लावायचा कुठून? पण परिणाम असा झाला की जोडणीचा खर्च कोणी किती द्यायचा हे मंडळच ठरवू लागले आणि तपासणारे तिसरे कोणी उरले नाही.

मंडळाच्या काळात दोन नावे रुळली. एक सर्व्हिस लाइन चार्जेस, दुसरे आउटराइट काँट्रिब्युशन, म्हणजे कचेरीच्या भाषेत एसएलसी आणि ओआरसी. पहिल्यात मागितलेल्या भाराप्रमाणे ठरावीक दराने रक्कम घ्यायची. दुसऱ्यात काम ग्राहकाच्या खर्चाने करायचे आणि झालेली वाहिनी मंडळाच्या मालकीत जमा व्हायची. कारखानदार, यंत्रमागवाले, गृहसंस्था, पंपाला वीज मागणारे शेतकरी, सगळ्यांना ही दोन नावे पाठ झाली होती.

२००३ चा विद्युत अधिनियम १० जून २००३ रोजी अमलात आला आणि चित्र बदलले. ४२ व्या कलमाने कार्यक्षम, सुसूत्र आणि किफायतशीर वितरण यंत्रणा उभारण्याचे आणि राखण्याचे कर्तव्य वितरण परवानाधारकावर टाकले. ४३ व्या कलमाने मागेल त्याला वीज देण्याचे बंधन घातले. आणि ४६ व्या कलमाने राज्य आयोगाला अधिकार दिला, की पुरवठा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहिनीवर किंवा यंत्रसामग्रीवर परवानाधारकाने जो ‘वाजवीपणे’ खर्च केला असेल तो ग्राहकाकडून घेण्याची मुभा आयोगाने विनियमांद्वारे द्यावी. ही तीन कलमे शेजारी शेजारी ठेवली की पेच लगेच दिसतो. उपकेंद्रापासून दारापर्यंतचे सगळे जाळे त्या पुरवठ्यासाठी ‘वापरले’ जातेच. मग सगळ्याचा खर्च नव्या ग्राहकावर टाकता येईल का? ४६ वे कलम एकटे वाचले तर टाकता येईल असे वाटते. ४२ व्या कलमासह वाचले तर नाही.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने या पेचाचे उत्तर २० जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या वीज पुरवठा संहितेच्या विनियमांत दिले. त्याचे तीन भाग आहेत. साध्या जोडणीच्या कामाचा वाजवी खर्च मंजूर दरसूचीप्रमाणे घ्यायचा. केवळ एका ग्राहकासाठी, किंवा एकाच अथवा लगतच्या जागेतल्या ग्राहकगटासाठी, स्पष्टपणे राखून ठेवलेली सुविधा असेल तर तिचा खर्च त्याने द्यायचा. हीच समर्पित वितरण सुविधा, बोलीभाषेत डीडीएफ. आणि नव्या भारामुळे असलेल्या यंत्रणेची क्षमता वाढवावी लागली तर वाढीव क्षमतेतला जेवढा वाटा ग्राहक मागतो तेवढ्याच प्रमाणात खर्च त्याच्याकडून घ्यायचा.

या तिसऱ्या तरतुदीला एक परंतुक आहे आणि मला ते या सगळ्या विनियमांत सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले वाटते. मागितलेला भार वाढीव क्षमतेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर काहीच घ्यायचे नाही. उदाहरणाने पाहू. गावातली ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, काढून १०० केव्हीएची बसवायची आहे. वाढलेली क्षमता ३७ केव्हीए. तिचे २५ टक्के म्हणजे सव्वानऊ. नऊ केव्हीए मागणाऱ्या पिठाच्या गिरणीवाल्याने डीपी बदलण्याचा एक पैसाही द्यायचा नाही. वीस केव्हीए मागणाऱ्या छोट्या कारखान्याने मात्र सदतिसातले वीस, म्हणजे सुमारे ५४ टक्के द्यायचे. उरलेली क्षमता पुढच्या ग्राहकांसाठी आहे, तिचा भार आजच्या ग्राहकावर नको. लहान ग्राहकाच्या अर्जामुळे डीपी बदलावी लागली तरी ती त्याच्यासाठी बदलली असे मानायचे नाही, कारण भार सगळ्या गावाचा वाढत असतो आणि त्याचा अर्ज नेमका त्या वेळी आला एवढेच. जुन्या कायद्यातल्या शंभर फुटांच्या हद्दीपेक्षा हा विचार पुष्कळ पुढे गेलेला आहे.

विनियम झाले, दर ठरायचे होते. त्याच वर्षी, ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले आणि वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. कंपनीने आकारांच्या दरसूचीचा प्रस्ताव आयोगापुढे मांडला. हेच २००५ चे प्रकरण क्रमांक ७०. प्रमोद देव अध्यक्ष असलेल्या आयोगाने त्यावर ८ सप्टेंबर २००६ रोजी आदेश दिला.

आदेशाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. सर्व्हिस लाइन चार्जेस घेण्याचा कंपनीचा प्रस्ताव आयोगाने पूर्णपणे फेटाळला, अपवाद फक्त समर्पित सुविधा लागणाऱ्या ग्राहकांचा. पायाभूत सुविधा उभारणे ही कायद्याने परवानाधारकाची जबाबदारी आहे, असे कारण दिले. पारेषण यंत्रणेच्या वितरणबिंदूपासून वितरण वाहिनीपर्यंतच्या सुविधांचा खर्च कंपनीने करायचा आणि त्या भांडवली गुंतवणुकीपायी दरवर्षी येणारा बोजा कंपनीची वार्षिक महसुली गरज ठरवताना धरला जाईल. साध्या शब्दांत, मोठ्या जाळ्याचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या वीजदरातून, आणि शेवटच्या जोडणीचा खर्च नव्या ग्राहकाकडून. मीटरबाबतही आयोगाने स्पष्ट सांगितले, की ग्राहकाने स्वतःहून कंपनीकडून मीटर विकत घेणे पत्करले, किंवा मीटर हरवला वा जळाला, तरच त्याची किंमत घ्यायची.

शेवटच्या जोडणीचे दरही आयोगाने ठरवून दिले आणि तिथे त्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक अर्जाचे वेगळे अंदाजपत्रक धरण्याऐवजी त्याने प्रमाणित दर लावले. सिंगल फेज वेगळे, थ्री फेज वेगळे, लघुदाब आणि उच्चदाब वेगळे, वरून जाणाऱ्या तारेचे वेगळे आणि जमिनीखालच्या केबलचे वेगळे. यात कोणाला प्रत्यक्ष खर्चापेक्षा थोडे जास्त द्यावे लागते, कोणाला कमी. पण एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांना दोन रकमा सांगण्याची वाट बंद होते. अर्जदार आणि सेक्शन ऑफिस यांच्यात घासाघीस होण्याची जागाच उरत नाही, आणि ही जागा बंद करणे हे नियामकाचे फार मोठे काम आहे असे मला वाटते.

देखरेखीच्या आकाराची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण एका टक्केवारीत किती पैसा दडलेला असतो ते तिच्यात दिसते. ग्राहक परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेतो तेव्हा कंपनीचा अभियंता त्यावर देखरेख करतो आणि त्याचे शुल्क कंपनी घेते. २००५ च्या विनियमांनी या शुल्काला मर्यादा घातली. ते मजुरीच्या खर्चाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. मजुरीच्या, संपूर्ण कामाच्या नव्हे. २००६ च्या आदेशाने हा दर प्रमाणित आकाराच्या १.३ टक्के ठरवला. या दोन आकड्यांचा ताळा करून पाहिला तर मजुरीचा वाटा एकूण आकाराच्या पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास धरला गेला असावा असे निघते; आदेशातल्या आकड्याचा मी लावलेला हा उलटा हिशेब आहे. फरक किती पडतो? एक लाखाच्या कामावर सरसकट १५ टक्के लावले तर १५ हजार होतात. १.३ टक्क्याने होतात १,३००. पुढच्या दरसूच्यांतही हा १.३ चा आकडा टिकून राहिला. ज्या ग्राहकाने ठेकेदाराकडून काम करून घेतले आहे त्याने आपल्या कोटेशनवर सर्वांत आधी ही ओळ पाहावी.

आदेश स्पष्ट होता, पण आधी घेतलेल्या पैशांचा प्रश्न उरला. २० जानेवारी २००५ पासून विनियम लागू होते आणि त्यांच्याशी विसंगत असलेल्या जुन्या अटी त्या दिवसापासून बाद होत होत्या. मग त्यानंतर एसएलसी आणि ओआरसीच्या नावाने घेतलेली रक्कम परत द्यायला हवी, असे ग्राहकांचे म्हणणे. २००६ च्या प्रकरण क्रमांक ८२ मध्ये १७ मे २००७ रोजी आयोगाने परताव्याचा आदेश दिला. महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३१ ऑगस्ट २००७ रोजी परताव्याला स्थगिती मिळाली. कंपनीचे दिवाणी अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले ते १० नोव्हेंबर २०१६ रोजी. त्यानंतर वर्ष उलटल्यावर, २९ डिसेंबर २०१७ रोजी महावितरणने एसएलसी, ओआरसी आणि मीटरची किंमत परत करण्याबाबत परिपत्रक काढले.

या तारखा सलग वाचाव्यात. २००५-०६ साली ज्याने पैसे भरले त्याचा हक्क आयोगाने २००७ साली मान्य केला, आणि परताव्याचे परिपत्रक निघाले २०१७ च्या शेवटी. दरम्यान दहा वर्षे गेली. इतक्या काळात दुकाने विकली जातात, भागीदाऱ्या मोडतात, कागद गहाळ होतात, माणसे जातात. पैसे कोणाकडून किती घेतले याच्या नोंदी कंपनीच्या हिशेबवह्यांत असणारच, कारण तिला त्या लेखापरीक्षणाला दाखवाव्या लागतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. असा परतावा ग्राहकाच्या अर्जाची वाट न पाहता कंपनीने आपल्या नोंदींवरून थेट बिलात जमा करायला हवा, आणि आयोगाने पुढच्या प्रत्येक अशा आदेशात तसे लिहायला हवे. तत्त्व ग्राहकाच्या बाजूने लागले. काळ मात्र त्याच्या विरोधात गेला.

आदेशानंतर प्रत्यक्षात काय झाले तेही कागदावर आहे. सामायिक जाळे कंपनीने उभारायचे हे ठरले, पण त्यासाठी पैसा आणि वेळ कंपनीकडे हवा. तो नसला की अर्जदार ताटकळत राहतो. यावर महावितरणने २० मे २००८ च्या परिपत्रकाने एक मार्ग काढला. ग्राहकाला घाई असेल तर त्याने काम आधी स्वतःच्या खर्चाने करावे, आणि तो खर्च त्याला दरमहाच्या बिलाच्या ५० टक्के रक्कम वळती करून परत मिळावा. ज्याला समर्पित सुविधा हवी असेल त्याला मात्र परतावा नाही, त्याने १.३ टक्के देखरेख शुल्क भरून काम करून घ्यावे.

नव्या तंट्याचे मूळ इथे आहे. एकाच खांबतारेच्या कामाला ‘समर्पित’ म्हटले तर पैसे गेले, ‘असमर्पित’ म्हटले तर परत येतात. तेव्हा कागदावर कोणता शब्द लिहिला जातो यावर लाखो रुपये अवलंबून राहतात. ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल यांच्यापुढे हा वाद पुन्हा पुन्हा आला. तो सोडवताना पाहायच्या गोष्टी व्याख्येतूनच निघतात. सुविधा एकाच ग्राहकासाठी किंवा लगतच्या जागेसाठी आहे का? ग्राहकाने ती तशी मागितली होती का? त्या वाहिनीवरून नंतर दुसऱ्या कोणाला जोडणी दिली का? दिली असेल तर ती ‘केवळ’ त्या ग्राहकाची राहिली नाही. १९१० च्या कायद्यातले ते वाक्य, दुसऱ्याला वीज देण्याचा हक्क परवानाधारकाला देणारे, इथे वेगळ्या रूपात पुन्हा समोर येते. फरक एवढा, की आता त्या हक्काची किंमत ठरलेली आहे.

आणखी एक धागा दरनिश्चितीच्या आदेशांत सापडतो आणि तो ग्राहकांच्या सहसा नजरेत येत नाही. ग्राहकाच्या पैशातून उभी राहिलेली वाहिनी कंपनीच्या मालमत्तेत जमा होते. त्या मालमत्तेवर कंपनीने घसारा, व्याज आणि भांडवलावरचा परतावाही वीजदरातून घेतला, तर एकाच खांबाचे पैसे दोनदा वसूल होतील. म्हणून आयोगाच्या बहुवार्षिक दर विनियमांत ग्राहकांचे अंशदान आणि अनुदान भांडवली खर्चातून वजा करतात. जोडणीचा खर्च तपासणे आणि वीजदर ठरवणे ही दोन कामे आयोगाने एकाच हिशेबाच्या दोन बाजू म्हणून पाहिली तरच ही वजाबाकी बरोबर होते.

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. विद्युतीकरण झालेल्या भागात १५० किलोवॉटपर्यंतच्या जोडणीसाठी भार, वर्गवारी आणि सरासरी खर्च यांवरून आकार ठरवावा, म्हणजे प्रत्येक अर्जासाठी जागेची पाहणी आणि अंदाजपत्रक लागणार नाही, अशी त्यांची दिशा आहे. महाराष्ट्राच्या आयोगाने २००६ मध्ये प्रमाणित दरांची जी वाट धरली तिचाच हा विस्तार आहे. राज्यात २००५ च्या विनियमांची जागा फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या संहितेने घेतली.

शेतीपंपांची हकीकत वेगळी, कारण तिथे अंतरच सगळे ठरवते. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषिपंप वीजजोडणी धोरणात लघुदाब वाहिनीपासून ३० मीटरच्या आतल्या पंपाला तातडीने जोडणी देण्याचे ठरले. २०० मीटरपर्यंत एरियल बंच केबल, ६०० मीटरपर्यंत उच्चदाब वितरण प्रणाली, त्यापलीकडे सौरपंप. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. एकशे दहा वर्षांनीही पहिली हद्द जवळजवळ तिथेच आहे. वाहिनी जवळ असणाऱ्याला हे धोरण सोयीचे होते. पण विहीर कुठे लागते हे शेतकरी ठरवत नाही, जमिनीखालचे पाणी ठरवते. म्हणून अंतर जास्त आहे या कारणाने त्याच्यावर जादा खर्च टाकणे मला मान्य नाही. त्याच्या बाबतीत सामायिक जाळ्याची व्याख्याच जास्त सैल धरायला हवी.

वाचकांना सांगणे एवढेच, की जोडणीचे कोटेशन आले तर त्याच्यामागच्या अंदाजपत्रकाची प्रत लेखी मागा. काम समर्पित सुविधेत धरले आहे का ते विचारा, आणि समर्पित सुविधेच्या संमतीवर सही करण्याआधी तुम्हाला ती खरोखर हवी आहे का याचा विचार करा. देखरेखीचा दर पाहा. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. काही चुकीचे वाटले तर लेखी तक्रार लगेच करा, कारण मंचाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.